ओव्या गोळा करायला पैसे कोण देतं?

प्रश्न: मी खटाव तालुक्यात राहते. वय 37. कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. चार वर्षांपासून आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड करते आहे. आजवर 40 तासांचं रेकॉर्डिंग जमलंय. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायकांच्या काही ओव्याही त्यात आहेत. हे काम नीट करायला पैसा हवा. अकरा कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारी, विभागांना पत्रं पाठवली, एकीचंही उत्तर नाही. एक गृहस्थ म्हणतात, ट्रस्ट काढा, फाइल मी बनवतो, पंधरा हजार द्या. माझी संस्था नाही, ओळखी नाहीत. एकट्या माणसाला अनुदान मिळतं का? अर्जाचा मसुदा सोबत जोडला आहे.

उत्तर: मिळतं. पण तुम्ही ज्या अकरा दारांवर थाप मारली ती एकट्या माणसाला उघडणारी नव्हतीच, तेव्हा उत्तर आलं नाही हे मनाला लावून घेऊ नका. कंपनी कायदा 2013च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या पुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. हा पैसा कंपनी एकतर स्वतः खर्च करते, नाहीतर नोंदणीकृत ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम 8 कंपनी, म्हणजे ना-नफा कंपनी, यांच्यामार्फत. 1 एप्रिल 2021 पासून अशा संस्थेला सीएसआर-1 फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. व्यक्तीला तो मिळत नाही. तुमचं पत्र कितीही चांगलं असतं तरी ते कुठल्या रकान्यात घालायचं हे तिथल्या माणसाला कळलं नसतं.

मग ट्रस्ट काढावा का? या कामासाठी तरी नको. कंपनीने स्वतः न काढलेल्या संस्थेकडे अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो, म्हणजे आज काढलेला ट्रस्ट तीन वर्षं नुसता बसून राहणार. तोवर दरवर्षी हिशेब तपासणी, आयकराची वेगळी नोंदणी, विश्वस्त बदलला की धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज. ओव्या राहतील बाजूला आणि तुम्ही साताऱ्याला हेलपाटे घालत बसाल.

ओळखीच्या संस्थेच्या नावावर परदेशातून पैसे मागवून ते तुम्हाला देण्याचा सल्लाही कोणी देईल. 2020च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीच्या नियमनाच्या कायद्यात ते बंद झालंय. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या कुणाला हस्तांतरित करता येत नाही. शिष्यवृत्ती किंवा विद्यावेतन म्हणून परदेशातून थेट व्यक्तीला आलेली रक्कम याच कायद्याच्या कलम 4 मध्ये वगळलेली आहे, पण 'प्रकल्पासाठी निधी' म्हणून आलेली रक्कम त्यात बसेलच असं नाही. पहिल्याच खेपेला या भानगडीत पडू नका.

तुमच्या वयाला आणि विषयाला बसणारी दारं मला दोन दिसतात. पहिलं दार केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कनिष्ठ अधिछात्रवृत्तीचं, म्हणजे ज्युनिअर फेलोशिपचं. ती दिल्लीच्या सीसीआरटीमार्फत, म्हणजे सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्रामार्फत दिली जाते. वय 25 ते 40, दरमहा 10,000 रुपये, मुदत दोन वर्षं, एकूण 2,40,000. चाळिशीनंतर वरिष्ठ अधिछात्रवृत्ती असते, तिचे दरमहा 20,000. पैसे दरमहा खात्यात पडत नाहीत, सहामाही चार हप्त्यांत येतात आणि पुढचा हप्ता आधीच्या सहा महिन्यांच्या प्रगती अहवालावर अवलंबून असतो. जाहिरात दरवर्षी ठरल्या महिन्यात येत नाही, निकालालाही बराच वेळ लागू शकतो. म्हणून 37 व्या वर्षी 'अजून तीन वर्षं आहेत' असं धरू नका. जाहिरात येईल तेव्हा वय कोणत्या तारखेला मोजणार ते आधी वाचा.

दुसरं दार बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचं. ही 1993 साली स्थापन झालेली खासगी संस्था 1995 पासून कलाविषयक संशोधनाला, व्यक्तींनासुद्धा, पैसे देते आहे. तुमच्या दृष्टीने मोठी गोष्ट अशी की प्रस्ताव कुठल्याही भारतीय भाषेत चालतो. तो मराठीतच लिहा. मराठीत छान लिहिणारी माणसं इंग्रजी अर्जात एकदम सरकारी परिपत्रक होऊन जातात. फेलोशिप माणसाच्या वेळेला पैसे देते आणि तिच्यात खर्चाचं अंदाजपत्रक मागे पडतं. इथे मात्र अंदाजपत्रक हाच अर्जाचा कणा असतो. एकच मसुदा दोन्हीकडे पाठवून चालणार नाही तो यामुळेच.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना अनेकजण सुचवतील. ती नवोदित लेखकाचं पहिलं पुस्तक छापून येण्यासाठी आहे, गावोगाव फिरण्याच्या खर्चाला नाही. संकलन तयार झालं की तिचे नियम बघा, आत्ता नको. न्यू इंडिया फाउंडेशनच्या अधिछात्रवृत्तीचे मोठे आकडे तुमच्या कानावर येतील, पण ती स्वतंत्र भारतावरच्या इंग्रजी पुस्तकांसाठी आहे. (मराठीतलं वैचारिक गद्य इंग्रजीत नेऊ शकणाऱ्या वाचकांनी मात्र त्यांची अनुवाद अधिछात्रवृत्ती जरूर पाहावी, तिथल्या भाषांत मराठी आहे.)

आणखी दारं शोधायची तर उलट्या बाजूने शोधा. 'अनुदान' असं गुगलवर टाकलं की ठिबक सिंचन आणि शेळीपालन निघतं. त्याऐवजी लोककलेवरचं एखादं अलीकडचं पुस्तक घ्या आणि ऋणनिर्देशाचं पान वाचा. माहितीपटाची शेवटची श्रेयनामावली थांबून वाचा. तुमच्यासारखंच काम करणाऱ्याला पैसे कोणी दिले हे तिथे छापलेलं असतं. मग त्या देणाऱ्यांच्या संकेतस्थळावर आधी मंजूर झालेल्या दहा प्रकल्पांचे गोषवारे वाचा. दहांपैकी एकही तुमच्या कामाच्या जातकुळीचा नसेल तर ते दार सोडून द्या, महिना वाचेल.

आता मसुदा. पहिलं वाक्य आहे: 'लुप्त होत चाललेल्या आपल्या समृद्ध लोकसंस्कृतीचे जतन व संवर्धन करण्याच्या तळमळीतून मी हा प्रस्ताव सादर करीत आहे.' असं वाक्य निवड समितीसमोरच्या गठ्ठ्यात निम्म्या अर्जांवर असतं. खरं म्हणजे तुमच्या हातात याहून फार चांगलं काही आहे, पण ते तुम्ही चौथ्या पानावर, तेही कंसात टाकलंय: बहात्तरच्या ओव्या. ते वर आणा. असं काहीतरी:

'1972च्या दुष्काळात खटाव तालुक्यातल्या बायका खडीच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर गेल्या. त्या वेळी विशीत असलेल्या बायका आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्या कामाचे, तेव्हा खायला मिळालेल्या सुकडीचे, मिलो ज्वारीचे उल्लेख त्यांच्या जात्यावरच्या ओव्यांत येतात. चार गावांतल्या 24 बायकांकडून मी या ओव्या बारा महिन्यांत ध्वनिमुद्रित करून अर्थासह लिहून काढणार आहे.'

यात तळमळ हा शब्द नाही, तरी घाई कशाची आहे ते वाचणाऱ्याला कळतं. विशीतली बाई आज सत्तरीपुढे, हे गणित त्याचं तोच करतो. चार, चोवीस आणि बारा हे आकडे हे काम संपणारं आहे असं सांगतात. 'संपूर्ण सातारा जिल्ह्यातील लोकगीते' असं लिहिलंत तर ते कधी संपेल याची खात्री ना तुम्हाला ना त्यांना. देणाऱ्याला शेवट दिसणारं काम हवं असतं, कारण त्यालाही वर्षअखेर कुणाला तरी अहवाल द्यायचा असतो.

समितीतला जाणकार पहिला प्रश्न विचारणार: हे आधी झालं नाही का? हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यातून 1980च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्यांचं काम उभं केलं. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखावर ओव्या त्यात आहेत आणि 2017 पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे 'पारी', त्या प्रसिद्ध करते आहे. तुमच्या मसुद्यात याचा उल्लेखच नाही. माहीत नसेल तर अभ्यास कच्चा ठरतो. माहीत असून लिहिलं नसेल तर ते त्याहून वाईट दिसतं. त्या संग्रहात दुष्काळाच्या आणि मजुरीच्या ओव्या किती आहेत, तुमच्या तालुक्यातलं काही आहे का, हे आधी शोधा आणि अर्धं पान फक्त त्यावर लिहा: तिथे काय आहे, तुमच्याकडे वेगळं काय आहे. एखादी ओवी दोन्हीकडे निघाली तर लपवू नका. दोन गावांतले पाठभेद शेजारी ठेवून दाखवलेत तर तुम्ही ऐकता कसं हे त्यातून कळतं.

नमुन्याला 40 तासांचा ढीग पाठवू नका. तीन मिनिटांची एक फाइल, तिचं शब्दशः लेखन आणि खाली चार ओळी अर्थ, एवढं पुरे. तुमच्या मसुद्यासोबतच्या फाइलमध्ये जात्याची घरघर बाईच्या आवाजावर चढली आहे, म्हणजे फोन जात्याशेजारी जमिनीवर ठेवला असणार. फरशीतून कंप थेट फोनमध्ये जातो. पुढच्या वेळी कॉलर माइक बाईच्या पदराला लावा, खांद्याच्या जरा खाली, जात्यापासून दूरच्या बाजूला. पदर घासून खरखर येते, म्हणून माइकची वायर पिनेने टाचा. पंखा बंद. रेकॉर्डरवर वेव्ह फाइल, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. फोनवरच्या जुन्या फाइली आहेत तशाच ठेवा, त्यांचं पुन्हा पुन्हा रूपांतर करू नका. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, गाव आणि गायिकेचा अनुक्रमांक असू द्या, आणि दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा.

अंदाजपत्रकात तुम्ही 'एकूण खर्च रु. 5,00,000 (अंदाजे)' एवढी एकच ओळ लिहिली आहे. बरेच अर्ज इथेच पडतात. आकडा मोठा आहे म्हणून नव्हे, तो कुठून आला ते दिसत नाही म्हणून. गुणाकार दाखवा. चार गावं, प्रत्येकी नऊ फेऱ्या, म्हणजे 36 दिवस. दुचाकीवर जाऊन-येऊन सरासरी 50 किलोमीटर, 5 रुपये दराने 9,000. ओळख करून द्यायला गावातलीच एखादी मुलगी सोबत, 36 दिवस, 500 प्रमाणे 18,000. रेकॉर्डर, दोन कॉलर माइक आणि दोन हार्ड डिस्क, दोन दुकानांची कोटेशनं जोडून, 24,000. उपकरणं चालत नाहीत असं देणाऱ्याच्या नियमात असेल तर तिथे भाडं धरा. लेखनिकाचं काम सगळे कमी धरतात: एक तासाचं गाणं-बोलणं नीट उतरवायला सहा ते आठ तास सहज जातात. 40 तासांना ध्वनितासामागे 900 रुपये धरले तर 36,000 होतात. गाणाऱ्या 24 बायका, तीन बैठका, 500 रुपये, 36,000. गावात काम परत नेऊन ऐकवायचे चार कार्यक्रम, 16,000. पुस्तिका 200 प्रती, 60 रुपये दराने 12,000. आणि तुमचं मानधन, जे तुम्ही लाजून लिहिलंच नाहीत: दरमहा 8,000, बारा महिन्यांचे 96,000. बेरीज 2,47,000. त्यावर 5 टक्के आकस्मिक, 12,350. एकूण 2,59,350. दर तुमच्याकडचे घाला, पण रचना ही ठेवा. स्वतःचं मानधन शून्य दाखवलं की त्याग दिसतो असं वाटतं. वाचणाऱ्याला मात्र दिसतं की ही बाई सहाव्या महिन्यात जादा तासिका घेणार आणि काम थांबणार.

बायकांना बिदागी द्यायची म्हटलं की गावात कुरबूर होते, तिला दिली मला का नाही. म्हणून दर सगळ्यांना एकच ठेवा आणि पहिल्या बैठकीआधी सांगून टाका. पावती करा. सही येत नसेल तर अंगठा आणि साक्षीदाराची सही.

वेळापत्रकात तुम्ही 'पहिला टप्पा: जानेवारी ते मार्च' लिहिलंय. तुमच्याच भागात तेव्हा शाळू काढणीला येतो, मग मळणी. बायका रानात असणार, तुम्ही ओसरीवर एकट्या. क्षेत्रकार्य एप्रिल-मे आणि पुन्हा पेरण्या उरकल्यावर ठेवा, जानेवारी ते मार्च लेखनाला द्या, आणि असं का ठेवलंय ते एका ओळीत लिहा. ती एक ओळ पानभर प्रस्तावनेपेक्षा जास्त काम करते.

संमतीपत्राबद्दल मसुद्यात काही नाही. कॉपीराइट कायदा 1957च्या कलम 38 प्रमाणे गाणारीला तिच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क असतो, आणि तो 50 वर्षं टिकतो. ओवी परंपरेची असली तरी तिने गायलेली ती तिची. संमतीपत्र एका पानाचं, साध्या मराठीत, मोठ्याने वाचून दाखवायचं आणि तिचा होकार रेकॉर्ड करायचा. त्यात तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: अभ्यासासाठी ठेवू का, इंटरनेटवर टाकू का, नाव लावू का. पुष्कळ बायका पहिल्याला हो म्हणतात आणि दुसऱ्याला थांबतात, विशेषतः ओवीत सासूचा किंवा दिराचा उद्धार असेल तेव्हा. मुभा तशीच नोंदवा.

शिफारसपत्रं तुम्ही आमदार आणि सरपंचांची जोडली आहेत. काढून टाका. त्याऐवजी तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडून दोन ओळी आणा की रेकॉर्डिंगची एक प्रत आम्ही जतन करू आणि अभ्यासकांना ऐकू देऊ. दुसरं पत्र विषयातल्या अशा प्राध्यापकांचं घ्या ज्यांनी तुमचा नमुना खरोखर ऐकला आहे. 'होतकरू व कष्टाळू' असं लिहिणारं पत्र नसलेलं बरं.

आता कागदपत्रं. लग्न झालेल्या बायकांचे अर्ज इथे हमखास अडकतात. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर मधलं नाव नाही, बँकेत तिसरंच. मंजुरीनंतर पैसे याच कारणाने परत जातात. आधार, पॅन आणि बँक या तीन ठिकाणचं नाव अक्षरानुअक्षर एक करून घ्या, पदवीसाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडा. राजपत्राला वेळ लागतो, म्हणून जाहिरातीची वाट न बघता आजच सुरू करा. खातं राष्ट्रीयीकृत किंवा चांगल्या व्यापारी बँकेत असू द्या, गावच्या पतसंस्थेतलं चालणार नाही. 2019-20 मध्ये विलीन झालेल्या बँकेचं खातं असेल तर जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड लिहू नका, तो बदललेला असतो. पूर्ण केवायसी न केलेलं 'छोटं खातं' असेल तर वर्षाला एक लाखावर जमा होत नाही. तेही तपासा.

रक्कम मानधन म्हणून येत असेल तर साधारण 10 टक्के टीडीएस कापून येईल, पॅन दिला नाही तर 20 टक्के. 96,000 तुमचं उत्पन्न आणि बाकीचा खर्च, हे वेगळं दाखवता यायला हवं. त्यासाठी या कामाचं स्वतंत्र बचत खातं उघडा आणि सगळे खर्च त्यातूनच करा. पेट्रोलच्या पावत्यांवरची शाई सहा महिन्यांत उडते, त्यांचे फोटो त्याच दिवशी काढा. विवरणपत्र भरलंत की जादा कापलेला कर परत मिळू शकतो.

दोन्हीकडे अर्ज करायला हरकत नाही, पण दोन्ही अर्जांत दुसऱ्याचा उल्लेख करा, आणि एकच खर्च दोघांकडून घेऊ नका. दोन्ही मंजूर झाले तर स्वीकारण्यापूर्वी दोघांनाही कळवा. एकाच वेळी दोन घेता येतात का, हे ज्याच्या त्याच्या अटींवर असतं. नकार आला तर कारण विचारणारं दोन ओळींचं पत्र पाठवा. खासगी संस्था बहुधा उत्तर देतात आणि पुढच्या अर्जाला ते उपयोगी पडतं.

आणि ते गृहस्थ. अर्ज भरायला सीसीआरटी काय किंवा खासगी संस्था काय, मध्यस्थ लागत नाही, आणि मंजूर रकमेतून दिलेलं कमिशन हिशेबात कुठेच दाखवता येत नाही. तुमच्या कामाचं त्यांना जे माहीत आहे त्यावर ते तेच 'समृद्ध लोकसंस्कृती' वाक्य लिहून देतील, ते तर तुम्ही फुकटात लिहिलंच आहे. पंधरा हजार खर्चायचेच असतील तर आत्ताच रेकॉर्डर आणि एक कॉलर माइक घ्या आणि सगळ्यात थोरल्या बाईची बैठक या महिन्यातच करा. अर्जात मग उपकरणांपुढे हार्ड डिस्क आणि दुसरा माइक एवढंच लिहा.